जामीनदार

अरे, परवा तीन हात नाक्यावर भेटलास तेव्हा छाती पुढे काढून म्हणालास ना, काका मी कार्डाचं मिनिमम ड्यू एकदाही चुकवलं नाही, तेव्हा रस्त्यात काही बोललो नाही पण घरी येऊन हिशोब मांडला. समज बिल 40,000 चं. 5 टक्के मिनिमम ड्यू, म्हणजे निदान एवढं तरी भरायचंच अशी रक्कम, 2,000. महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज 1,400, त्यावर 18 टक्के जीएसटी 252. म्हणजे 2,000 भरून मुद्दल फिटलं 348 रुपये! वर जुनी बाकी राहिली की नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, आज कार्डावर घेतलेल्या भाजीचं मीटर आजच चालू.

मी वागळे इस्टेटला कंपनीत होतो तेव्हा पतपेढीतून फ्रिजसाठी कर्ज काढायचं तर दोन जामीनदारांच्या सह्या लागायच्या. एकजण पेन हातात धरून म्हणाला, आत्ताच कशाला रे, दिवाळीचा बोनस येऊदे की. इतका राग आला ना, आठवडाभर बोललो नाही त्याच्याशी. फ्रिज बोनसमधूनच आला पण. तुझं अ‍ॅप असं काही विचारतच नाही, ओटीपी टाक झालं.

आणि ते नो कॉस्ट ईएमआय. व्याज असतंच, किमतीत नाहीतर गेलेल्या डिस्काउंटमध्ये लपवलेलं. झिरो परसेंट व्याज असं काही नसतंच हे रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावलंय.

लोक खर्च करतात म्हणून इकॉनॉमी चालते म्हणालास, खरंय, पण अर्धंच. गोखले रोडवरच्या दुकानात आज तू ईएमआयवर टीव्ही घेतलास म्हणजे पुढच्या वर्षीचं गिऱ्हाईक दुकानदाराने आजच वापरलं, पुढच्या दिवाळीला तुझा पगार हप्त्यात, तू दुकानासमोरून मान खाली घालून जाणार. असे लाखभर जण एकदम अडकले तर बँकाही अडकतात. म्हणून तर नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने पर्सनल लोनसारख्या विनातारण कर्जांचं रिस्क वेट 100 वरून 125 टक्के केलं, म्हणजे तेवढंच कर्ज द्यायला बँकेने स्वतःचं भांडवल जास्त बाजूला ठेवायचं. घर, गाडी, शिक्षण, सोनं यातून वगळलं होतं.

कार्ड फेडायला पर्सनल लोन घे हवं तर, स्वस्त पडेल, फक्त फ्लॅट रेट ऐकून हुरळू नकोस, त्यात फेडलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लावतात, वर्षाच्या कर्जाला 12 टक्के फ्लॅट म्हणजे खरे साडेएकवीसच्या आसपास पडतात. आणि तोवर कार्ड आईच्या कपाटात.

रविवारी सकाळी तलावपाळीला ये, स्टेटमेंटची प्रिंट काढून आण, मोबाईलवरचं मला दिसत नाही. सही कुठेच करणार नाहीये मी, विचारणार मात्र सगळं.