तिची वही आधी परत द्या

नमस्कार,

दोन प्रयत्नांत मुलीचं सरकारी मेडिकल कॉलेज थोडक्यात हुकलं, आता नीटसाठी तिसऱ्यांदा ड्रॉप घ्यावा का आणि क्लास कोणता लावावा, असं तुम्ही विचारलंय. मी मात्र मधल्या एका ओळीवर थांबले: 'एका प्रश्नात तीन दिवस घालवले, म्हणून तिची वही कपाटात ठेवून कुलूप लावलं.' अहो, अभ्यासाची वही! पुस्तकाने दोन ओळींत उरकलेलं तिला पुरलं नाही, एवढाच तिचा गुन्हा. आणि तिला स्वतःला काय करायचंय, हे तुमच्या चार पानी पत्रात कुठेच नाही.

तिचा प्रश्न तुम्हीच लिहिलाय. घाबरलं की ॲड्रेनॅलिनमुळे काही सेकंदांत छाती धडधडते, मग आईच्या थायरॉइडच्या गोळीचा गुण यायला आठवडे का लागतात? त्यावर तुम्ही म्हणता, 'हार्मोन पेशीत जातं आणि काम करतं, त्यात आयुष्यभर शिकण्यासारखं काय?'

ॲड्रेनॅलिन आपलं काम करायला पेशीत शिरतच नाही. ते पाण्यात विरघळणारं, पेशीचं आवरण स्निग्ध. ते बाहेरच्या ग्राहीला, म्हणजे हार्मोन ओळखणाऱ्या प्रथिनाला चिकटतं, आतल्या बाजूचं जी-प्रोटीन हे निरोप पुढे नेणारं प्रथिन जागं होतं, ते ॲडेनिलिल सायक्लेज हे एन्झाइम चालू करतं आणि एटीपी या ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूपासून सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू बनू लागतो. हाच सेकंड मेसेंजर, म्हणजे पेशीच्या आतला दुसरा निरोप्या. दाराशी हार्मोनचे मोजके रेणू, आत याचे ढीगभर, म्हणून परिणाम झटपट. फॉस्फोडायएस्टरेज हे दुसरं एन्झाइम सायक्लिक एएमपी मोडत राहतं, म्हणून धडधड ओसरतेही. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड आणि सहकाऱ्यांना हे १९५७च्या सुमारास यकृताच्या फोडलेल्या पेशींत सापडलं. आवरणाचे तुकडे काढून टाकले की उरलेल्या द्रावावर हार्मोन ढिम्म चालेना. मग त्या तुकड्यांवर हार्मोन घातलं, मिश्रण उकळलं, साका काढला आणि वरचं पाणी द्रावात मिसळलं, तर ग्लायकोजेन, म्हणजे यकृतातला साखरेचा साठा, फोडणारं एन्झाइम कामाला लागलं. उकळूनही टिकलेला तो लहानसा रेणू म्हणजे सायक्लिक एएमपी. सदरलँडना १९७१चं नोबेल मिळालं. ते स्वतः डॉक्टर (एमडी) होते, हेही तुम्हाला सांगायला हवं.

आईच्या गोळीतलं थायरॉक्सिन मात्र खरोखर आत शिरतं, केंद्रकातल्या ग्राहीमार्फत जनुकं चालू-बंद करतं, नवी प्रथिनं तयार व्हावी लागतात. तुम्ही पाठवलेल्या पानाच्या फोटोत मुलीने हे लिहिलंय. उत्तर बरोबर, पण अर्धं. थायरॉक्सिनचं रक्तातलं अर्धायुष्य सुमारे ७ दिवसांचं, त्यामुळे पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे जातात. डोस बदलला की डॉक्टर टीएसएच (थायरॉइडला काम सांगणारं हार्मोन) लगेच तपासत नाहीत, ते यामुळेच.

तिसरा ड्रॉप घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. यंदा बायोकेमिस्ट्री किंवा मायक्रोबायोलॉजीत बीएस्सीला प्रवेश घ्या. तिथून एमएस्सीसाठी आयआयटीची जॅम ही प्रवेश परीक्षा देता येते. आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेला बारावी कोणत्या वर्षी झालेली चालते ते माहितीपत्रकात आजच बघा, कारण ड्रॉप घेत बसलं की ते दार बंद होतं. तिथे ६० प्रश्न असतात आणि त्यातले १५ गणिताचे. नीटच्या मुलांनी गणिताला दोन वर्षं हात लावलेला नसतो, तिथेच ती आपटतात. नायसर या विज्ञान संस्थेची नेस्ट ही प्रवेश परीक्षाही आहे.

वाट लांब आहे, हे लपवत नाही. आयसरची पाच वर्षं, पुढे पीएचडीची आणखी पाच-सहा. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये, तेही पीएचडीला लागल्यावर. शिवाय वहीत आकृत्या काढणं वेगळं आणि मायक्रोलिटर मोजत तोच फसलेला प्रयोग चौथ्यांदा लावणं वेगळं. ते तिला झेपेल का, आवडेल का, हे तिला विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.

फोटोतल्या आकृतीत तिने सायक्लिक एएमपीचा बाण थेट ग्लायकोजेनवर नेलाय. मध्ये तीन एन्झाइमं राहिली: प्रोटीन कायनेज ए, फॉस्फोरिलेज कायनेज आणि फॉस्फोरिलेज. वही परत देताना तिला एवढं सांगा.