सलूनच्या बुकिंगसाठी सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : कोल्हापुरात माझं चार खुर्च्यांचं जेन्ट्स सलून आहे. मी आणि तीन कारागीर. रविवारी बाकावर बसायला जागा नसते आणि बुधवारी दुपारी आम्ही पेपर वाचत बसतो. बुकिंगसाठी अ‍ॅप घ्यायचं ठरवलंय, पण प्रत्येक कंपनीचा माणूस आपलंच चांगलं म्हणतो. पारख कशी करायची?

उत्तर : डेमो बघण्याआधी एक आठवडा वही घाला. गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड टाकल्यापासून खुर्ची झटकून पुढच्याला बोलावेपर्यंत किती मिनिटं गेली, ते काम आणि कारागीर यांसह लिहा. साधी कटिंग 25 ते 30 मिनिटं, दाढी 15, दोन्ही मिळून 40 ते 45, असं साधारण निघेल. पण फेड कटला एक कारागीर 30 मिनिटं घेत असेल आणि दुसरा 45, तर प्रत्येकाची वेळ वेगळी भरता आलीच पाहिजे. सगळ्यांना 30 मिनिटं लावलीत, तर संथ हाताचा कारागीर सकाळच्या चार गिऱ्हाइकांतच तासभर मागे पडेल. ही सोय नसलेलं सॉफ्टवेअर तिथंच बाजूला ठेवा.

दुसरी गोष्ट दोन वेळांमधल्या अंतराची. बहुतेक जण इथंच फसतात. समजा कटिंगला 30 मिनिटं आणि झाडलोट, कंगवा-कात्री पुसायला 5, म्हणजे 35. सॉफ्टवेअर दर 15 मिनिटांनीच वेळ दाखवत असेल, तर 10 वाजताच्या गिऱ्हाइकानंतर पुढची वेळ 10:35 ची नाही, 10:45 ची मिळते. दिवसाला दहा कटिंग धरल्या, तर एका खुर्चीची 100 मिनिटं फुकट. अंतर 5 मिनिटांवर आणलं की वेगळाच घोळ होतो. कुणीतरी 10:20 ची वेळ घेतं आणि आधीची 20 मिनिटं कुठल्याच कटिंगला पुरत नाहीत. म्हणून ‘आधीच्या बुकिंगला लागूनच वेळ दाखव’ अशी सेटिंग आहे का, ते विचारा. ती नसेल, तर सफाई धरून कटिंग 30 मिनिटांत बसवा आणि अंतर 15 च ठेवा.

हेअर कलर करत असाल तर आणखी एक बघा. लावायला 20 मिनिटं, थांबायला 30, धुवायला 15. मधली 30 मिनिटं कारागीर मोकळा असतो, खुर्ची मात्र अडलेली असते. चार माणसं आणि चारच खुर्च्या असताना सॉफ्टवेअर फक्त माणूस मोजत असेल, तर ते नसलेल्या पाचव्या खुर्चीवर बुकिंग घेऊन मोकळं होईल. खुर्ची आणि कारागीर यांची मोजणी वेगवेगळी हवी.

आता रविवार. चारही खुर्च्या बुकिंगला देऊ नका. दोन वेळेच्या ठेवा, दोन येईल त्याच्या. वर्षानुवर्षं येणारे आजोबा अ‍ॅप उघडणार नाहीत आणि त्यांना परत पाठवणं धंद्याला परवडणारं नाही. अशा आयत्या वेळच्या गिऱ्हाइकाची नोंद नाव-नंबर न विचारता दोन टॅपमध्ये व्हायला हवी. पाच रकाने भरायला लागले, तर कारागीर ते भरणार नाहीत. मग अ‍ॅपमध्ये खुर्ची रिकामी दिसेल आणि त्यावर बुकिंग येऊन दारात वाद होईल. त्यामुळे फुकट वापराच्या मुदतीत किमान दोन रविवार येऊ द्या, आणि मोबाइल तुमच्या नव्हे, सर्वांत कमी फोन वापरणाऱ्या कारागिराच्या हातात द्या.

बुधवारची दुपार केवळ अ‍ॅपमुळे भरत नाही. मात्र त्या वेळेपुरता वेगळा दर लावता येत असेल तर उपयोग होतो. अमावास्या, श्रावण, ज्याच्या त्याच्या वर्ज्य वाराप्रमाणे गिऱ्हाईक कमी-जास्त होतंच. तेव्हा कामाचे तास दर आठवड्याला वेगळे ठेवता येतात का, तेही पाहा.

प्रश्न : चिपळूणला दोन खुर्च्यांचं दुकान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर वेळ देतो. एवढं पुरेसं नाही का?

उत्तर : पुरेसं आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे. त्यात ठरावीक उत्तरं साठवता येतात, दुकान बंद असताना आपोआप निरोप जातो, लेबलं लावता येतात. जोडीला गूगल कॅलेंडरमध्ये दोन खुर्च्यांची दोन कॅलेंडरं करून दोघांच्या फोनवर ठेवा. मात्र नोंद एकाच जागी. वहीत एक आणि फोनमध्ये दुसरी ठेवलीत की एकाच वेळेला दोघं येणार.

हात कामात असताना आलेले निरोप तासभर तसेच पडून राहायला लागले, की गिऱ्हाइकानं स्वतः वेळ घ्यायची लिंक हवी. ती गूगल मॅपवरच्या दुकानाच्या नोंदीतही टाकता येते. त्या वेळी कंपनी ‘गूगल कॅलेंडरशी जोडतो’ म्हणाली, तर दोन्ही बाजूंनी लगेच जुळतं का, हे विचारा. नुसती कॅलेंडरची लिंक दिली असेल, तर गूगल ती काही तासांनीच ताजी करतं. तोवर तुम्हाला भरलेली वेळ मोकळीच दिसत राहते.

प्रश्न : वेळ घेतात आणि येत नाहीत. आठवणीचा मेसेज मराठीत पाठवावा का? पैसे आधी घ्यावेत का?

उत्तर : मराठीत जरूर पाठवा, पण एसएमएसचा हिशेब समजून घ्या. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70. त्यापुढे गेलं की मेसेजचे 67-67 अक्षरांचे तुकडे होतात आणि प्रत्येकाचे पैसे लागतात. काना-मात्रा-वेलांटी वेगळी मोजली जाते, ‘दाढी’ची अक्षरं चार होतात. 150 अक्षरांचा इंग्रजी मजकूर एका मेसेजच्या पैशात जातो, तेवढ्याच मराठी मजकुराला तीन लागतात. त्यामुळे दुकानाचं नाव, वार आणि वेळ, बस्स. शिवाय ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकूर मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या नोंदणी पोर्टलवर नोंदवावा लागतो. ती नोंदणी कंपनी करते की तुमच्या माथी मारते, ते आधी स्पष्ट करून घ्या. न नोंदवलेला मजकूर पोचत नाही आणि तुम्हाला वाटत राहतं की मेसेज गेला.

सॉफ्टवेअरमधून आपोआप जाणारे व्हॉट्सअ‍ॅप निरोपही फुकट नसतात. आठवणीचा दर वेगळा, जाहिरातीचा त्याहून जास्त. ‘अमर्याद मेसेज’ असं कुणी म्हणालं, तर कुठले, ते लेखी घ्या.

कटिंगसाठी आदल्या दिवशीच्या आठवणीपेक्षा दोन-तीन तास आधीची जास्त कामाची. न येणारा असेल तर तेव्हाच कळवतो आणि वेळ दुसऱ्याला देता येते. आगाऊ रक्कम सरसकट नको. रविवार, दिवाळीआधीचा आठवडा आणि तासाभराहून मोठी कामं एवढ्यांनाच 50 किंवा 100 रुपये यूपीआयनं घ्या आणि बिलातून वजा करा. दहा मिनिटं वाट बघू, त्यानंतर वेळ पुढच्याला, हे बुकिंगच्या पानावर आधीच लिहा.

प्रश्न : परदेशी अ‍ॅप्सचं कौतुक खूप वाचलं. घ्यावं का?

उत्तर : आधी ते भारतात चालतं का, ते पाहा. परदेशी याद्यांत हमखास दिसणारं स्क्वेअर भारतात सेवाच देत नाही. चालत असेल तर खातं उघडताच टाइम झोन कोलकाता आणि चलन रुपया करा. पहिलं विसरलं, तर आठवण रात्री दोन वाजता जाऊ शकते. तारखेचा क्रमही तपासा, 05/06 म्हणजे आपल्याकडे 5 जून, अमेरिकी पद्धतीत 6 मे. बिल त्यातूनच करणार असाल तर कराचा दर स्वतः बदलता आला पाहिजे. सलून सेवेवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 18 वरून 5 टक्क्यांवर आला, पण इनपुट क्रेडिटशिवाय, म्हणजे खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करता येत नाही. नोंदणी नसेल तर बिलावर कर दाखवायचाच नाही, म्हणजे दर शून्यही ठेवता यायला हवा.

प्रश्न : दोन वर्षं वापरलेलं अ‍ॅप सोडायचंय. गिऱ्हाइकांची माहिती नव्यात कशी न्यायची?

उत्तर : वर्गणी संपण्याआधी सगळी यादी एक्सेल किंवा सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घ्या. खातं बंद झाल्यावर मागत बसू नका. फाइल उघडताना मोबाइल नंबरचा रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून घ्या. तसं न केल्यास 91 धरून 12 आकडी झालेला नंबर एक्सेल 9.19E+11 असा दाखवतं, आणि तसाच सीएसव्हीत साठवला की मूळ आकडे गेले. आधी पाचच नावं नव्या अ‍ॅपमध्ये चढवून पाहा, मग बाकीची.

फाइलमध्ये नंबरांच्या जागी फुल्या दिसल्या, तर त्या कंपनीनं गिऱ्हाईक तुमचं नव्हे, स्वतःचं मानलंय. अशा वेळी पुढच्या महिनाभरात येणाऱ्या प्रत्येकाला गल्ल्यावर विचारून, त्याची हरकत नसेल तर नंबर नव्यानं लिहा. नवं अ‍ॅप घेताना ही फाइल पहिल्याच दिवशी उतरवून पाहा आणि कारागिरांच्या लॉगिनला ती उतरवायची मुभा ठेवू नका.