४००जी ऑप्टिकल मॉड्यूल मिळायला एवढा उशीर का होतो? आत नेमकं काय अडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नेटवर्कचे स्विच आले, पण त्यांत बसवायचे ४००जी (सेकंदाला ४०० गिगाबिट) डीआर४ आणि एफआर४ मॉड्यूल, म्हणजे विजेचा सिग्नल प्रकाशात बदलून फायबरमध्ये सोडणारे भाग, मिळायला सहा महिने लागतील असं पुरवठादार म्हणतोय. मॉड्यूलमध्ये असं आहे तरी काय, आणि तोवर करायचं काय?

अडतो तो बहुधा लेसर. नाव मात्र सगळे डीएसपी चिपचं (मॉड्यूलमधला सिग्नल सुधारणारी चिप) घेतात. तीही मोजक्या हातांत आहे हे खरं. ब्रॉडकॉम आणि मार्व्हेल हे त्यातले मोठे, आणि चिप बनते तैवानच्या टीएसएमसीत. पण ती १२ इंची सिलिकॉन वेफरवर (चिप जिच्यावर घडवतात ती चकती) निघते, तिथली उत्पादनाची ओळ प्रचंड मोठी आहे. लेसरचं तसं नाही. सिलिकॉनमधून कामाचा प्रकाश निघत नाही, म्हणून १३१० नॅनोमीटरचा लेसर इंडियम फॉस्फाइडवर घडवावा लागतो. हा स्फटिक ठिसूळ. बरंच उत्पादन अजून ३ आणि ४ इंची वेफरवरच चालतं, ६ इंची आता कुठे मूळ धरतंय. ३ इंची वेफरचं क्षेत्रफळ १२ इंचीच्या सोळाव्या हिश्श्याइतकं भरतं.

त्यातही ईएमएल हा प्रकार सगळ्यात किचकट. एकाच चिपवर लेसर आणि त्याचा प्रकाश मॉड्युलेट करणारा (डेटानुसार कमीजास्त करणारा) भाग शेजारी शेजारी असतात. दोघांना वेगवेगळे थर लागतात, म्हणून एकदा थर वाढवायचे, काही जागी कोरून काढायचे आणि पुन्हा वाढवायचे. मग ग्रेटिंग (तरंगलांबी ठरवणाऱ्या बारीक रेघा) कोरायची, वेफरच्या पट्ट्या चिरायच्या, कडांवर लेप द्यायचा, बर्न-इन (तापवून चालवून कच्च्या चिप वेगळ्या काढणं) करायचं, आणि एकेक चिप तापमान बदलून तपासायची. कुठल्याही टप्प्यावर थोडं बिनसलं तरी तरंगलांबी सरकते आणि चिप बाद. असे लेसर बनवणारे लुमेंटम, कोहेरंट, मित्सुबिशी इलेक्ट्रिक, सुमितोमो इलेक्ट्रिक, ब्रॉडकॉम असे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यांच्याही मागे कोरे वेफर पुरवणारे आणखी कमी: जपानच्या सुमितोमो आणि जेएक्स, आणि अमेरिकी एएक्सटी, जिचा कारखाना चीनमध्ये आहे. चीनने ४ फेब्रुवारी २०२५ ला इंडियम फॉस्फाइडवर निर्यात परवाना लागू केला, त्यामुळे तिथून निघणारा माल कागदपत्रांसाठी थांबू लागला.

मग दुसऱ्याचा लेसर का बसवत नाहीत? बसवतात, पण लगेच नाही. टेलकॉर्डियाच्या जीआर-४६८ या विश्वासार्हतेच्या मानकाप्रमाणे लेसर हजारो तास गरम वातावरणात चालवून पाहावा लागतो. नुसते ५००० तास धरले तरी सात महिने गेले. त्यावर मॉड्यूलची चाचणी आणि मोठ्या गिऱ्हाइकाची मान्यता. जोडणीचं काम (बरंचसं चीन, थायलंड, मलेशियात होतं) त्या मानाने लवकर वाढवता येतं, जरी लेन्स आणि फायबर मायक्रॉनच्या आत जुळवून चिकटवावे लागत असले तरी.

आपल्याकडचं विचाराल तर फायबर छत्रपती संभाजीनगरला शेंद्रा-वाळूजमध्ये बनतं, पण या वर्गाचा लेसर आयातच करावा लागतो. गुजरातेत धोलेऱ्याला होऊ घातलेला फॅब (चिपचा कारखाना) सिलिकॉनचा आहे, त्याचा या टंचाईशी संबंध नाही.

आता तुमच्या ऑर्डरकडे वळू. पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा: आत ईएमएल आहे की सिलिकॉन फोटोनिक्स? ईएमएलच्या डीआर४ ला चार लेसर लागतात. सिलिकॉन फोटोनिक्समध्ये मॉड्युलेशन सिलिकॉनवर होतं, प्रकाश साध्या अखंड चालणाऱ्या लेसरकडून घेतात, आणि असा एक लेसर दोन किंवा चारही लेन (डेटाच्या समांतर वाटा) पोसतो. हेही लेसर इंडियम फॉस्फाइडचेच, पण घडवायला सोपे आणि संख्येने कमी. एफआर४ मध्ये मात्र १२७१, १२९१, १३११, १३३१ अशा चार तरंगलांबी लागतात. एकीचा तुटवडा झाला की अख्खं मॉड्यूल अडलं. म्हणून अंतर ५०० मीटरच्या आत असेल आणि फायबर पुरेसे असतील (प्रत्येक लिंकला दोनऐवजी आठ), तर एफआर४ ची ऑर्डर डीआर४ वर वळवा. दोन्ही टोकं बदलावी लागतील. डीआर४ आणि एफआर४ एकमेकांशी बोलत नाहीत.

एकाच रॅकमध्ये ३ मीटरपर्यंत तांब्याची डीएसी केबल वापरा, तिथे लेसरचा खर्च करणं मला उधळपट्टी वाटते. ओएम४ मल्टिमोड फायबर आधीच घातलेली असेल तर १०० मीटरपर्यंत एसआर८ मॉड्यूल चालेल. त्यातले ८५० नॅनोमीटरचे लेसर गॅलियम आर्सेनाइडचे असतात, म्हणजे रांगच वेगळी. मात्र प्रत्येक लिंकला १६ फायबर लागतात, ते आधी मोजा.

घाईत पर्यायी माल घेताना घोटाळे होतात ते आकारावरून. क्यूएसएफपी-डीडी आणि ओएसएफपी हे मॉड्यूलचे दोन आकार एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत. ओएसएफपीतही पंखांचा आणि सपाट माथ्याचा असे दोन प्रकार आहेत, आणि नेटवर्क कार्डाला बहुधा सपाट लागतो. मॉड्यूलच्या एमपीओ (अनेक फायबर एकत्र जोडणाऱ्या) तोंडात पिना असतात, म्हणून केबल बिनपिनांची, एपीसी (तिरक्या घासलेल्या टोकाची), आणि थेट जोडणीला टाइप बी पोलॅरिटीची (एका टोकाचं पाठवणं दुसऱ्याच्या घेण्याशी जुळवणारी) हवी.

माल आल्यावर आधी स्कोपने कनेक्टरचं तोंड बघा, पुसा, पुन्हा बघा. मग प्रत्येक लेनची आत येणारी शक्ती वाचा. डीआर४ ला ती −५.९ ते +४ डीबीएमच्या मध्ये हवी, आणि मधल्या मार्गात एकूण ३ डीबीपेक्षा जास्त घट नको. एकच लेन पडलेली असेल तर त्या फायबरवर धूळ आहे असं धरून चला. चारही पडल्या तर कनेक्टर नीट बसलेला नाही किंवा केबल वळली आहे. एफईसीच्या (चुका दुरुस्त करणाऱ्या कोडच्या) आधीचा त्रुटिदर २.४ × १०⁻⁴ ही हद्द. लिंक सुरू दिसते म्हणून खूश होऊ नका, दर त्या हद्दीच्या जवळ घुटमळत असेल तर उन्हाळ्यात एसी जरा कमी पडला की लिंक तुटणार.

टंचाईत वापरलेला मालही नवा म्हणून खपवला जातो. लेबलवरचा क्रमांक ईईप्रॉममधल्या (मॉड्यूलच्या आतल्या मेमरीतल्या) क्रमांकाशी ताडून पाहा, आणि त्याच बॅचमधल्या इतरांशी लेसरचा बायस करंट (लेसर चालता ठेवणारा प्रवाह). तेवढीच शक्ती द्यायला एखादा ठळकपणे जास्त करंट खात असेल तर तो लेसर झिजलेला आहे, परत पाठवा.