‘हे एखाद्या सरकारचे काम आहे’ या उत्तरावर तपास थांबवू नका

आपण लिहिले आहे की, आपल्या संस्थेच्या मुख्य सर्व्हरवर वैध डिजिटल सही असलेली एक अनोळखी ड्रायव्हर फाइल (उपकरणे चालवण्यासाठी सिस्टमच्या गाभ्यात चालणारे सॉफ्टवेअर) सापडली, अँटिव्हायरसने तिच्याबद्दल काहीच तक्रार केली नाही, आणि ज्या कार्यालयाला आपण कळवले त्याने ‘हे एखाद्या सरकारचे काम दिसते, आपल्या आवाक्याबाहेरचे आहे, सर्व मशीन नव्याने बसवून प्रकरण मिटवा’ असा सल्ला दिला. ही हत्यारे खरोखरच इतकी प्रगत असतात का, आणि असतील तर तपासाला अर्थ उरतो का, असे आपण विचारले आहे. पूर्वी मी ज्या संस्थेचे नेटवर्क सांभाळत होते तेथे जवळजवळ याच आशयाचे पत्र आले होते, म्हणून सविस्तर लिहिते. फायरवॉल, पॅच आणि बॅकअप यांबद्दल आपल्याला सांगण्याची गरज नाही, असे गृहीत धरते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे, परंतु प्रगतपणा नेमका कोठे असतो हे पाहायला हवे. 2010 मध्ये उघडकीस आलेल्या, इराणच्या अणुकेंद्रावर सोडलेल्या स्टक्सनेट या मालवेअरमध्ये (घातक प्रोग्राममध्ये) विंडोजमधील चार अज्ञात त्रुटी वापरल्या होत्या आणि त्याच्या ड्रायव्हरवर दोन हार्डवेअर कंपन्यांच्या चोरलेल्या प्रमाणपत्रांची सही होती. त्यामुळे ‘सही वैध आहे म्हणजे फाइल चांगली’ हा युक्तिवाद तेव्हापासूनच बाद झालेला आहे. तथापि त्रुटी विकतही मिळतात. मला अधिक थक्क करते ते त्यामागचे प्रक्रियेचे ज्ञान. सीमेन्सच्या पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक नियंत्रकाला) जोडलेले, 807 ते 1210 हर्ट्झ या टप्प्यात चालणारे विशिष्ट कंपन्यांचे फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर (मोटरचा वेग ठरवणारी उपकरणे) सापडल्याशिवाय तो काहीही करत नसे. सापडले की 1064 हर्ट्झवर फिरणाऱ्या सेंट्रिफ्यूजची (युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांची) वारंवारता काही काळ 1410 पर्यंत चढवायची, मग कित्येक दिवस शांत राहायचे, नंतर ती 2 हर्ट्झपर्यंत उतरवायची, आणि त्या वेळी नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेली नेहमीची आकडेवारी दाखवत राहायचे, अशी ती रचना होती. हे लिहिणाऱ्यांच्या शेजारी सेंट्रिफ्यूज जाणणारा अभियंता बसलेला असणार.

याच कारणाने आपल्या अँटिव्हायरसच्या मौनातून काहीच सिद्ध होत नाही. 2012 मध्ये सापडलेल्या गॉस या मालवेअरमधील एक भाग अशा रीतीने कूटबद्ध केलेला होता की त्याची किल्ली लक्ष्य असलेल्या संगणकावरील फोल्डरच्या नावांवरूनच तयार होई. प्रयोगशाळेतील मशीनवर तो भाग उघडतच नसे. त्याच वर्षी सापडलेल्या फ्लेम या मालवेअरने एमडी5 या जुन्या हॅश पद्धतीतील (फाइलचा ठसा काढण्याच्या पद्धतीतील) दुबळेपणा वापरून मायक्रोसॉफ्टच्या नावाचे बनावट प्रमाणपत्र मिळवले आणि विंडोज अपडेटचा बहाणा करून स्वतःला पसरवले. 2021 मधील फोर्सड्एंट्री या आयफोनवरील हल्ल्यात तर प्रतिमा आकुंचित करण्याच्या एका जुन्या पद्धतीतील 70,000 हून अधिक आज्ञा जोडून फोनच्या आत एक लहानसा आभासी संगणकच उभा केला होता, आणि वापरणाऱ्याने कशावरही बोट ठेवण्याची गरज नव्हती.

एवढे ऐकले की हात टेकावेसे वाटतात, आणि त्या कार्यालयाचे पत्र नेमके तेथेच घात करते. आमच्याकडे ते पत्र एका पानाचे होते. त्यात मेमरीची (चालू मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीची) प्रत घेण्याचा उल्लेख नव्हता, लॉग (कोण केव्हा आत आले इत्यादींच्या नोंदी) जपण्याचा नव्हता, कोणती खाती वापरली गेली असतील याचा तर नव्हताच; फक्त ‘अतिप्रगत’ हा शब्द होता आणि त्याखाली सही. आमच्या वरिष्ठांनी तो आदेश मानला. मी लेखी हरकत घेतली, तिला उत्तर मिळाले नाही. सर्व्हर पुसले गेले, आणि त्याबरोबर लॉग साठवणारे मशीनही ‘सुरक्षिततेसाठी’ पुसले गेले. काही महिन्यांनी तेच घुसखोर एका जुन्या सेवा-खात्याच्या (माणसाऐवजी प्रोग्राम वापरतात अशा खात्याच्या) खऱ्या पासवर्डने आत आले, कारण मशीन नवी झाली होती तरी खाती जुनीच राहिली होती. चोराने किल्लीचा ठसा नेलेला असताना घर धुऊन काढण्याचा तो प्रकार होता. त्यानंतर त्याच कार्यालयाने आमच्याकडे पहिल्या घुसखोरीचे पुरावे मागितले, आणि ते नसल्यामुळे दुसरे प्रकरण ‘अपुरी माहिती’ म्हणून बंद केले. त्या पत्रव्यवहाराबद्दल आजही माझ्या मनात कडवटपणा आहे, तेव्हा पुढील मते त्या हिशेबाने वाचावीत.

माझे ठाम मत असे की, मशीन बंद किंवा रीस्टार्ट करण्यापूर्वी तिला नेटवर्कपासून वेगळे करून मेमरीची प्रत घ्यावी. 2015 मध्ये जाहीर झालेले डुकू 2.0 हे मालवेअर जवळजवळ पूर्णपणे मेमरीतच राहत असे; मशीन रीस्टार्ट केली की ती स्वच्छ दिसे आणि नेटवर्कमधील दुसऱ्या सर्व्हरवरून तिला पुन्हा लागण होई. ते कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये सापडले होते, म्हणजे लाज वाटून घेण्याचे आपल्याला काहीच कारण नाही. मात्र आपल्याकडे प्रत्यक्ष यंत्रसामग्री किंवा माणसांच्या जिवाशी संबंधित नियंत्रण प्रणाली असेल, तर हा क्रम लागू नाही: आधी प्रक्रिया सुरक्षितपणे थांबवावी, पुरावे नंतर. 2017 मधील ट्रायटन या मालवेअरने औद्योगिक कारखान्यातील सुरक्षा-नियंत्रकांनाच लक्ष्य केले होते, हे विसरू नये. मी कायदेतज्ज्ञ नाही. पुरावा न्यायालयात टिकावा अशी अपेक्षा असेल तर त्या क्षेत्रातील व्यक्तीचा सल्ला पहिल्याच दिवशी घ्यावा.

‘कोणत्या देशाने केले’ या प्रश्नावर आपण वेळ घालवू नये, असेही मला वाटते. 2018 च्या हिवाळी ऑलिंपिकवरील हल्ल्यातील मालवेअरमध्ये दुसऱ्याच गटाकडे बोट दाखवणाऱ्या खुणा मुद्दाम पेरलेल्या होत्या आणि अनुभवी विश्लेषकही सुरुवातीला गोंधळले होते. आपल्याला उत्तर हवे आहे ते ‘कोठून आत आले, कोणत्या खात्याने फिरले आणि काय घेऊन गेले’ या प्रश्नाचे, आणि ते शोधणे आपल्या आवाक्यात आहे. 2020 मध्ये सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या नेटवर्क सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून सुमारे 18,000 ग्राहकांपर्यंत मालवेअर पोहोचले होते. ते पहिले सुमारे दोन आठवडे झोपून राही, मग नेहमीच्या सॉफ्टवेअरच्या रहदारीत मिसळून बोलू लागे. या हल्ल्याला बळी पडलेल्या फायरआय या सुरक्षा कंपनीला पहिला धागा मिळाला तो मात्र साधा होता: एका कर्मचाऱ्याच्या खात्यावर दुसऱ्या फोनची नोंदणी झालेली दिसली आणि कोणीतरी त्या कर्मचाऱ्याला ‘हा फोन आपलाच का’ असे विचारले. व्होल्ट टायफूनसारखे घुसखोर गट तर विंडोजमधील मूळच्याच साधनांनी काम भागवतात. अमेरिकी संस्थांनी 2024 मध्ये सांगितल्याप्रमाणे काही नेटवर्कमध्ये ते किमान पाच वर्षे होते. तेथे शोधण्यासारखी मालवेअरची फाइलही फारशी नसते, लॉगिनच्या नोंदी मात्र असतात. आपल्याकडील लॉग किती दिवसांनी पुसले जातात ते आजच पाहावे आणि ती मुदत लगेच वाढवावी. जाता जाता, सर्व सर्व्हरची घड्याळे एकाच वेळेला जुळलेली आहेत का हेही तपासावे, कारण घड्याळे जुळत नसली की नोंदींचा क्रम लावताना डोके फिरते.

खाती बदलताना सर्व एकाच वेळी बदलावीत, तुकड्यातुकड्याने नव्हे. अन्यथा घुसखोर सावध होऊन दुसरे दार उघडून ठेवतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधील खाती सांभाळणारी व्यवस्था) असल्यास तिच्यातील केआरबीटीजीटी या, प्रवेशाची तिकिटे प्रमाणित करणाऱ्या खात्याचा पासवर्ड दोनदा बदलावा लागतो, कारण आधीचा पासवर्डही काही काळ ग्राह्य राहतो. दोन बदलांमध्ये निदान जुन्या तिकिटांची मुदत संपेल इतके अंतर ठेवावे. एका क्लिकमध्ये अनेक सेवांत प्रवेश देणारी व्यवस्था असेल तर तिचे सही करणारे प्रमाणपत्रही बदलावे. या सर्व हालचालींची चर्चा संस्थेच्या ईमेलवर करू नये, ती वाचली जात असण्याची शक्यता धरूनच चालावे. प्रत्येक नेटवर्क निराळे असते, त्यामुळे हा क्रम डोळे मिटून पाळू नये.

त्या कार्यालयाला मात्र आजच लेखी विचारा की, मेमरीची प्रत घेतल्याशिवाय मशीन पुसण्याचा सल्ला कोणाच्या जबाबदारीवर दिला आहे, चोरीला गेलेल्या खात्यांबद्दल त्यांचे म्हणणे काय आहे, आणि ड्रायव्हर फाइलची प्रत त्यांनी तपासासाठी मागितली का नाही. त्यांचे उत्तर येईपर्यंत तो सर्व्हर नेटवर्कबाहेर, पण चालू ठेवावा.