थंडीच्या दिवसांत घरातल्या सगळ्यांसाठी काय करता येईल: खेळ, जेवण आणि भेटी

तुम्ही लिहिले आहे की घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत, सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई आहेत, तुम्ही दोघेही नोकरी करता, आणि थंडी सुरू होऊन अंधार लवकर पडू लागला की प्रत्येकजण आपापल्या पांघरुणात मोबाइल घेऊन बसतो. सासूबाई पहाटे सगळ्यांच्या आधी उठतात आणि कोणीतरी उठून पाणी गरम करून देईपर्यंत वाट पाहतात, हेही तुम्ही ओघात सांगितले आहे. या दिवसांत सर्वांनी मिळून काय करावे, दमून घरी आल्यावर सोपे जेवण कोणते करावे आणि एकमेकांना कोणत्या भेटी द्याव्यात, असा तुमचा तिहेरी प्रश्न आहे. माझ्या अनुभवात हे तीन प्रश्न वेगळे राहत नाहीत. थंडीत माणसे उबेच्या आशेने आपोआप एका खोलीत येतात आणि तिथे प्रत्येकाच्या हाताला थोडेसे काम मिळाले की ती तिथेच थांबतात. जेवणाची तयारी हे असे काम आहे आणि कोणासाठी तरी भेट तयार करणे हेही तसेच काम आहे.

म्हणून सुरुवात जागेपासून करा. संध्याकाळी घरातली सर्वांत उबदार खोली बहुतेक वेळा स्वयंपाकघर असते. आम्ही थंडीचे महिने जेवणाचे टेबल स्वयंपाकघराच्या दाराशी सरकवून ठेवतो, त्यावर एक चांगला दिवा लावतो आणि अभ्यास, भाजी निवडणे, विणकाम, पत्ते हे सगळे त्याच टेबलावर होते. एक गोष्ट मात्र निक्षून सांगतो. खोली गरम करण्यासाठी कोळशाची शेगडी बंद खोलीत कधीही पेटवू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नसतो, वास नसतो आणि झोपेत तो जीव घेऊ शकतो.

जेवणात मी एका पातेल्यात होणाऱ्या पदार्थाला सर्वांत वरचे स्थान देतो, आणि त्यातही मसूर डाळीच्या सूपाला. या डाळीला भिजवावे लागत नाही आणि साध्या पातेल्यातही ती वीस-पंचवीस मिनिटांत शिजते, त्यामुळे कामावरून उशिरा आलेल्या माणसालाही ती परवडते. पाच जणांसाठी साधारण २०० ग्रॅम डाळ, एक मोठा कांदा, दोन गाजरे, एक बटाटा आणि दीड लिटर पाणी हे प्रमाण पुरते. कांदा थोड्या तेलात मऊ होईपर्यंत परतावा, त्यावर चिरलेली भाजी, धुतलेली डाळ आणि पाणी घालावे आणि उकळी आल्यावर आच मंद करावी. टोमॅटो घालायचा असेल तर डाळ मऊ झाल्यावरच घालावा, कारण आंबटपणामुळे डाळ शिजायला वेळ लागतो. लिंबू तर पातेले खाली उतरवल्यावरच पिळावे. सोबत पाव किंवा भात, जे घरात असेल ते चालते.

हे सूप मुलांच्या हाती देण्यासारखे आहे, म्हणूनच त्याबद्दल इतके लिहितो आहे. आमच्या धाकटीला पहिल्यांदा मी फक्त पातेल्याकडे लक्ष ठेवण्याचे काम दिले होते. कच्ची डाळ नारिंगी असते, शिजताना तिचा रंग फिकट होत पिवळा होतो आणि मग एकेक दाणा कडेने उलगडून विरघळू लागतो. ती स्टुलावर उभी राहून दर दोन मिनिटांनी बातमी देत होती, आणि ‘आता एकही दाणा अख्खा नाही’ असे तिने जाहीर केल्यावरच आम्ही गॅस बंद केला. त्या दिवशी तिने दोनदा मागून घेतले. तुमच्या सात वर्षांच्या मुलाला हे काम नक्की द्या, फक्त मोठे कोणीतरी शेजारी उभे असावे आणि पातेल्याचा दांडा आतल्या बाजूला वळवलेला असावा. अकरा वर्षांचे मूल गाजर सोलू शकते, मीठ चाखून सांगू शकते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी सगळे सूप स्वतः करू शकते. सासूबाईंना बसून करता येईल असे काम म्हणजे मटार सोलणे. त्यांच्याभोवती मुले हमखास येऊन बसतात, कारण सोलता सोलता खाल्लेल्या मटारांचा हिशोब कोणी मागत नाही.

जास्तीचे सूप करून ठेवणे हा दमलेल्या माणसाचा मोठा आधार आहे, पण त्याची शिस्त पाळावी लागते. बाहेर गारठा आहे म्हणून पातेले रात्रभर ओट्यावर ठेवू नये, कारण घरातली हवा जंतू वाढण्याइतकी उबदार असतेच. सूप उथळ भांड्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे, तीन-चार दिवसांत संपवावे आणि खाताना खळखळून उकळावे. राजमा करणार असाल तर तो किमान पाच तास भिजवून ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात आधी दहा मिनिटे तरी जोरात उकळावा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील एका घटकामुळे उलट्या आणि पोटाचा तीव्र त्रास होतो आणि मंद आचेवर तासन्‌तास शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात तो घटक नष्ट होईलच असे नाही. उरलेल्या दिवसांसाठी भाजलेले बटाटे, उकडलेली अंडी, भाज्या घालून केलेला भात यांवर निर्धास्तपणे भागवा. रोज नवा पदार्थ हवा असा हट्ट घरातल्या कोणाचाच नसतो, तो बहुतेक वेळा आपणच आपल्यावर लादलेला असतो.

आता मजेकडे वळतो. पत्ते, कॅरम, सापशिडी, मोठ्याने वाचलेली गोष्ट ही ठरलेली साधने तुम्हाला ठाऊक आहेतच, त्यांवर मी वेळ घेत नाही. मला आग्रहाने सुचवायचे आहे ते जेवणानंतरचे आकाशदर्शन. उत्तर गोलार्धात डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत संध्याकाळच्या आकाशात मृग नक्षत्र इतके ठळक असते की ते ओळखायला दुर्बीण किंवा कोणतेही ॲप लागत नाही. एका ओळीतले तीन तारे सापडले की ती ओळ एका बाजूला वाढवत न्यावी, म्हणजे व्याध सापडतो, आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि तिच्या पलीकडे कृत्तिकांचा पुंजका दिसतो. मृगाच्या चौकटीतील काक्षी हा तारा लालसर आहे, तर तिरक्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा आहे. हा रंगातला फरक मुलांना स्वतः ओळखू द्यावा, आपण आधी सांगून टाकू नये.

व्याध आपल्यापासून सुमारे ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे. आमचा मोठा मुलगा साडेआठ वर्षांचा असताना मी त्याला गच्चीवर सांगितले होते की आत्ता तुझ्या डोळ्यांत शिरलेला हा प्रकाश तू जन्मलास त्या सुमारास तिथून निघाला आणि तुझे आजवरचे सगळे आयुष्य तो वाटेतच होता. तो बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग आजीच्या जन्माच्या वेळी निघालेला प्रकाश कोणत्या ताऱ्यावरून येत असेल, असे त्याने विचारले. ते शोधण्यात आमचे पुढचे दोन आठवडे गेले. तुमचे धाकटे मूल सात वर्षांचे आहे, म्हणजे त्याच्यासाठी हा प्रकाश जन्माच्याही आधी निघालेला असेल. ते त्याला सांगून पाहा. आकाश निरभ्र आणि काळोखे मिळत असेल तर १३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री मिथुन राशीतला उल्कावर्षाव पाहावा. उल्कावर्षाव बहुधा धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात, पण याचा उगम १९८३ साली सापडलेल्या फेथन नावाच्या लघुग्रहात आहे, आणि मुलांच्या दृष्टीने सोय अशी की तो पाहण्यासाठी पहाटेपर्यंत जागावे लागत नाही, रात्री नऊ-दहापासून उल्का दिसू लागतात. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे लागतात आणि तेवढ्या वेळात कोणी मोबाइल उघडला तर पुन्हा पहिल्यापासून थांबावे लागते. हा नियम मुले मोठ्यांवर फार कडकपणे लादतात आणि त्याचा मोबाइलपासून दूर राहण्याला छान उपयोग होतो.

ढग असतील त्या संध्याकाळी कागदाचे हिमकण कापा. चौकोनी कागद कर्णावर दुमडून त्रिकोण करावा, लांब बाजूच्या मध्यबिंदूपासून त्याचे तीन सारखे भाग पडतील असे दुमडावे, मग पुन्हा अर्धे करून कडेला हवे तसे काप द्यावेत. कागद उलगडला की सहा सारख्या पाकळ्या दिसतात. खऱ्या हिमकणाचा सहापणा बर्फातील पाण्याचे रेणू षटकोनी मांडणीत जुळल्यामुळे येतो. अमेरिकेतील व्हरमॉन्टचे शेतकरी विल्सन बेंटली यांनी १८८५ साली कॅमेऱ्याला सूक्ष्मदर्शक जोडून पहिल्यांदा एकेका हिमकणाचे छायाचित्र घेतले आणि आयुष्यभरात अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रे जमवली. एक माणूस थंडीत उभा राहून, श्वास रोखून, वितळण्याआधी ते टिपत होता हे ऐकल्यावर मुले कात्री अधिक जपून चालवतात असा माझा अनुभव आहे.

भेटींच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. दुकानात जाण्याआधी आठवडाभर त्या माणसाकडे पाहावे. थंडीने त्याचे नेमके कुठे अडते, हे दिसले की भेट ठरलीच. काही वर्षांपूर्वी मी आईला एक जाड, महागडी शाल घेतली होती. तिने कौतुक केले, घडी घातली आणि ती कपाटात ठेवून दिली, कारण शाल इतकी जड होती की ती पांघरून तिला काम करता येत नव्हते. मला फार वाईट वाटले. त्यानंतर एका सकाळी मी तिला जुन्या स्वेटरची बटणे लावताना पाहिले. गारठ्याने बोटे आखडलेली, बटणे वाटाण्याएवढी, प्रत्येक बटण काजाच्या कडेला अडून निसटत होते, आणि चौथ्या बटणापाशी तिने प्रयत्न सोडून स्वेटर तसाच उघडा ठेवला. मी तो स्वेटर दोन दिवस मागून घेतला, लहान बटणे काढून रुपयाच्या नाण्याहून मोठी लाकडी बटणे बसवली, काज थोडी वाढवून त्यांच्या कडा पुन्हा शिवल्या. तो स्वेटर तिने त्यानंतरच्या प्रत्येक थंडीत घातला.

अशा भेटींना कौशल्य थोडे आणि लक्ष जास्त लागते. मुलांना काही तयार करायचे असेल तर वर सांगितलेल्या सूपाचीच भेट करता येते. स्वच्छ, कोरड्या काचेच्या बरणीत मसूर, थोडा तांदूळ, सुकवलेला कांदा आणि मसाला असे थर भरावेत आणि मुलांच्या अक्षरात कृती लिहून ती बरणीला बांधावी. तुमच्या मोठ्या मुलाने आजीला प्रश्न विचारून तिच्या लहानपणीच्या थंडीच्या आठवणी फोनवर ध्वनिमुद्रित केल्या आणि त्या दूरच्या नातेवाइकांना पाठवल्या, तर तीही भेट मोलाची ठरेल. लोकरीचे मोजे देणार असाल तर गार किंवा कोमट पाण्यात, न चोळता धुवा अशी चिठ्ठी सोबत ठेवा, कारण गरम पाणी आणि घासणे यांमुळे लोकर आटते. गरम पाण्याची पिशवी देताना तीत उकळते पाणी भरू नये हे सांगून ठेवा, कारण उतारवयात त्वचेला चटका उशिरा जाणवतो.

सासूबाईंसाठी काय घ्यावे याचे उत्तर तुम्ही स्वतःच प्रश्नात लिहून ठेवले आहे, असे मला वाटते. त्यांना एक चांगला, हलका, एका हाताने उघडता येईल असा थर्मास द्या. दोन भिंतींमधली हवा काढून टाकून उष्णता अडवण्याची ही युक्ती जेम्स ड्यूअर यांनी १८९२ साली शोधली आणि स्वयंपाकघरात ती आजही तितकीच उपयोगी आहे. रात्री झोपण्यापूर्वी थर्मासमध्ये उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावे, ते ओतून द्यावे आणि मग पुन्हा उकळते पाणी काठोकाठ भरावे, म्हणजे पहाटेपर्यंत ते चांगले गरम राहते. हे काम अकरा वर्षांच्या मुलाकडे द्या, पाणी ओतताना तुमच्यापैकी एकाने शेजारी थांबा, आणि थर्मास व पेला रात्रीच त्यांच्या उशाशी, अंधारातही हात पोहोचेल अशा ठिकाणी नेऊन ठेवा.