समालोचक, निवेदक की भाष्यकार?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून एका वाचकांनी विचारले आहे की, दूरचित्रवाणीवर फुटबॉलचा सामना चालू असताना ज्याचा आवाज ऐकू येतो, त्या माजी खेळाडूला मराठीत नेमके काय म्हणावे. त्यांच्या दोघा भाच्यांमध्ये इंग्लंडचा माजी फुटबॉलपटू गॅरी नेव्हिल याच्यावरून नेहमी वाद होतो. एकाच्या मते त्याच्यासारखा जाणता समालोचक दुसरा नाही. दुसऱ्याच्या मते तो बाजू घेतो, म्हणून तो समालोचकच नव्हे. येथे ‘समालोचक’ हा शब्दच चुकतो आहे काय, अशी वाचकांची शंका आहे. मला ही शंका अगदी रास्त वाटते.

‘समालोचन’ म्हणजे सर्व बाजूंनी नीट न्याहाळणे. हा शब्द मुळात सावकाशीचा आहे, आणि म्हणूनच रेडिओवरील वर्णनासाठी तो घेतला गेला तेव्हा त्याला ‘धावते’ हे विशेषण जोडावे लागले. ‘धावते समालोचन’ रूढ झाले, पुढे विशेषण गळून पडले आणि धावण्याचा अर्थ नुसत्या ‘समालोचना’लाच चिकटला. हिंदीत तसे झाले नाही. तेथे ‘समालोचक’ म्हटले की आधी साहित्याचा समीक्षक डोळ्यांपुढे येतो, आणि सामन्याच्या वर्णनाला ‘आँखों देखा हाल’ म्हणतात. हिंदी माध्यमात शिकलेल्या आपल्या इंदुरी मुलांचा गोंधळ होतो तो यामुळे. ‘निवेदक’ या शब्दाने तर घोटाळा आणखी वाढतो, कारण येथल्या भिंतींवरील फलकांत आणि लग्नपत्रिकांत ‘निवेदक’ या शब्दाखाली विनंती करणाऱ्यांची नावे छापलेली असतात.

पण खरी अडचण अशी की, सामन्यात कामे दोन असतात आणि आपण शब्द एकच वापरतो. चेंडू कोणाकडे आहे, पास कोणाला गेला, गोल कोणी केला, हे अखंड सांगत राहणे हे एक काम. त्यासाठी खेळाडू असण्याची गरज नाही. नजर, स्मरणशक्ती आणि वाणी हवी. आपल्या इंदूरचे सुशील दोशी आंतरराष्ट्रीय खेळाडू नव्हते, तरी हिंदी क्रिकेट समालोचनासाठी त्यांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली आणि होळकर स्टेडियममधील समालोचन कक्षाला त्यांचे नाव दिले गेले. दुसरे काम म्हणजे जे घडले ते का घडले, हे उलगडून सांगणे. बचावपटू दोन पावले पुढे का आला, हे सांगताना माजी खेळाडूचा अनुभव उपयोगी पडतो. इंग्रजांनी या दुसऱ्या माणसासाठी आपलाच ‘पंडित’ नेला. 1970 च्या विश्वचषकाच्या वेळी ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीने माजी व तत्कालीन खेळाडूंचे असे मंडळच बसवले होते. तो शब्द परत आणावा असे मात्र मला वाटत नाही, कारण इंदुरात ‘पंडितजी’ म्हटले की पूजेची तयारी आठवते.

या दुसऱ्या कामासाठी मी ‘भाष्यकार’ सुचवतो. भाष्य स्वतंत्र नसते. आधी सूत्र लागते, मग त्यावर भाष्य. मैदानावर घडलेली चाल हे सूत्र मानले, तर माजी खेळाडू करतो ते भाष्यच होय. शिवाय भाष्यकाराला स्वतःचा पक्ष असतो. ब्रह्मसूत्रे तीच, पण शंकराचार्य, रामानुजाचार्य आणि मध्वाचार्य यांची भाष्ये वेगळी, आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोष देत नाही. अपेक्षा एवढीच की पूर्वपक्ष, म्हणजे विरुद्ध बाजूचे म्हणणे, प्रामाणिकपणे मांडलेला असावा. भाच्यांच्या वादातही हीच कसोटी लावावी. नेव्हिल सारी कारकीर्द मँचेस्टर युनायटेडकडून खेळला आणि त्याच्यासारखेच भाष्य करणारा जेमी कॅरॅगर लिव्हरपूलकडून; दोघांचे संप्रदाय उघड आहेत. त्यामुळे ‘तो बाजू घेतो’ ही तक्रार समालोचकाबाबत गंभीर असली, तरी भाष्यकाराबाबत ती अपुरी आहे. त्याने विरुद्ध संघाची बाजू डावलली काय, हे दाखवून द्यावे लागेल. 2012 मध्ये कॅम्प नाऊ मैदानावर चेल्सीच्या फर्नांडो टोरेसने बार्सिलोनाविरुद्ध गोल केला तेव्हा नेव्हिलच्या तोंडून जो लांबलचक आवाज निघाला, तो काहींना अजून खटकतो आणि काहींना तोच आवडतो. माझ्या मते तो उत्कट उद्गार होता, भाष्य नव्हे, आणि त्यावरून त्याच्या भाष्याची पारख करू नये. अ‍ॅली मॅककोइस्ट या स्कॉटिश माजी खेळाडूच्या बोलण्यातील उत्साहालाही मी हाच न्याय लावीन.

भाष्य चुकूही शकते. 1995 च्या ऑगस्टमध्ये, पोरांना घेऊन काही जिंकता येत नाही, असे अ‍ॅलन हॅन्सन हा माजी खेळाडू मँचेस्टर युनायटेडच्या तरुण संघाबद्दल म्हणाला आणि त्याच हंगामात त्या संघाने लीग व एफए कप दोन्ही जिंकले. एवढ्याने तो भाष्यकार नव्हता असे होत नाही. त्याचे ते विधान चुकले, एवढेच म्हणता येईल.

‘विश्लेषक’ हा शब्द स्टुडिओत बसून पडद्यावर रेघा ओढत चाल समजावणाऱ्यासाठी राखून ठेवावा. क्रियापदे ‘समालोचन करणे’ आणि ‘भाष्य करणे’ अशीच ठेवावीत. ‘भाष्यकार’ स्त्रीलाही तसाच चालतो. अ‍ॅलेक्स स्कॉट यांच्यासाठी ‘भाष्यकर्ती’ घडवण्याची गरज नाही, ‘त्या आर्सेनलच्या माजी खेळाडू आणि फुटबॉलच्या भाष्यकार आहेत’ हे वाक्य पुरेसे आहे.