खाल्ल्या मिठाची गोष्ट

भाऊ, तुझा प्रश्न दोनदा वाचला आणि सोबत दिलेला कादंबरीचा आराखडाही वाचला. लहानपणी हॅरी पॉटर, अकरावीत ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि आता होस्टेलवर ‘गेम ऑफ थ्रोन्स’. रूममेट सांगतात की आशा वगैरे पोरासोरांसाठी, खरं जग ‘गेम ऑफ थ्रोन्स’ लिहिणाऱ्या मार्टिनचं. त्या भरात तू स्वतःच्या कादंबरीत पहिल्या शंभर पानांत सगळी बरी माणसं मारून टाकलीस. तापी आटलेली, धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत पाण्यावर एकाच कंपनीची मालकी, आणि कंपनीला नडेल तो मेला. आता वाचताना तुला स्वतःलाच काही वाटत नाही. कुठे चुकलं, असं विचारतोस.

मला वाटतं चूक तुझ्या रूममेटच्या त्या वाक्यात आहे. तू ते खरं मानून लिहायला बसलास.

मी अमळनेरची. तालुक्यातल्या एका वाचनालयात बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलावर बसते. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आयटीआयला जाणारा एक मुलगा यायचा. कोणीतरी भेट दिलेला मार्टिनचा इंग्रजी संच कपाटात पडून होता, तो त्याने शब्दकोश घेऊन वाचायला काढला. पहिले दोन भाग संपवायला त्याला सहा महिने लागले. तिसरा, ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्‌स’, त्याने एका सोमवारी अर्ध्यातच परत आणला. जाडजूड पुस्तक, मधे खुणेला एसटीचं तिकीट. पुस्तक टेबलावर ठेवलं, पण हात वरून काढला नाही. म्हणाला, “ताई, जेवाले बलायं नि मारी टाकं. आशे कोनी करस का?”

ते लग्नाचं प्रकरण तू वाचलं आहेस. वॉल्डर फ्रे या सरदाराच्या गढीत तरुण राजा रॉब स्टार्क लग्नाला पोचतो तेव्हा त्याची आई त्याला बजावते, आधी खायला माग. भाकर-मीठ पोटात गेलं की यजमान पाहुण्याच्या जिवाला धक्का लावू शकत नाही, असा त्या मुलुखाचा दंडक. ते मीठ खाल्लं जातं आणि त्याच छताखाली कत्तल होते. आमच्या त्या मुलाला हे इतकं का लागलं ते मला लगेच समजलं. आपल्याकडे खानदेशात श्रावणात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांच्या जेवणाला भाऊबंद जमतात, आणि बांधावरून वर्षभर कोर्टात तारखा करणारे दोन भाऊही त्या दिवशी एका पंगतीत बसून जेवतात. बोलत नाहीत, पण जेवतात. खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता बघ, ते प्रकरण तुझ्या रूममेटला ‘जग असंच असतं’ याचा पुरावा वाटतं. मला अगदी उलटं वाटतं. मिठाची किंमत ज्याला शून्य वाटते त्या लेखकाला हा प्रसंग लिहिताच आला नसता. वाचकाचा घास अडकतो, कारण तोवर दीड-दोन हजार पानं लेखकाने त्या दंडकाचं वजन वाढवत नेलेलं असतं. आणि तो तिथे थांबत नाही. काही प्रकरणांनंतर रॉबचा लहानगा भाऊ ब्रॅन एका स्वयंपाक्याची जुनी गोष्ट सांगतो. देवांनी त्या स्वयंपाक्याला शाप दिला तो खुनासाठी नव्हे, राजाला त्याच्याच पोराचं मांस खाऊ घातलं म्हणूनही नव्हे. आपल्या छताखालचा पाहुणा मारला, यासाठी. पुढच्या भागांत फ्रे घराण्याचं नाव निघालं की लोक थुंकतात, त्यांच्याशी सोयरीक झालेल्यांनाही ते नाव जड जातं. हा हिशोब ठेवणारा लेखक मला कुठल्याच बाजूने विश्वास उडालेला वाटत नाही.

सिनिकपणाला मराठीत एक नेमका शब्द मला आजवर सापडलेला नाही. पण पारावर बसणाऱ्या कोणालाही तो माहीत आहे. तो म्हणजे ‘सगळे सारखेच’ हे वाक्य. पुढारी, मास्तर, डॉक्टर, शेजारी, सगळे सारखेच. हे म्हणणाऱ्याला आपण वास्तव बोलतोय असं वाटतं. माझा आक्षेप तिथेच आहे, कारण ते वाक्य मुळात खोटं आहे.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी तेव्हा जन्मले नव्हते, पण ते काम तिच्याकडून इतक्यांदा ऐकलंय की मलाच आठवतं असं वाटतं. सुकडी मिळायची, हातोडीने बोटं सुजायची. सगळी भिस्त हजेरीपटावर. पहिला हजेरी कारकून कामावर नसलेल्यांची नावं चढवायचा आणि असलेल्यांना खाडा लावायचा. बाया म्हणत, सगळे सारखेच. दोन महिन्यांनी दुसरा आला. तो रोज दिवस मावळायच्या आत पट मोठ्याने वाचायचा, एकेक नाव घेऊन, आणि बाया एकेक करून ‘हाव’ म्हणायच्या. त्याने कधी खोटा खाडा लावला नाही. बस, एवढंच. दुष्काळ त्याने हटला नाही, खडीही कमी झाली नाही. पण आईला आठवड्याचे पूर्ण पैसे मिळाले, आणि ‘सगळे सारखेच’ हे वाक्य त्या कामावर पुन्हा कोणाला म्हणता आलं नाही. मला कादंबरीकडून हे हवंय. दोन कारकुनांमधला फरक तिला दिसला पाहिजे. दुष्काळ कितीही काळा लिही.

ऊर्सुला ली ग्विनच्या ‘द डिस्पझेस्ड’ (१९७४) या विज्ञानकादंबरीत असाच एक प्रसंग आहे आणि तो मी कधी विसरले नाही. अनारेस हा कोरडा, ओसाड गोल. तिथे सरकार नाही, पैसा नाही, मालकी नाही. लोकांनी ठरवून उभा केलेला समाज. लेखिका तिथे दुष्काळ पाडते. शेवेक नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आणि त्याची जोडीदार टाक्व्हर कामाच्या नेमणुकांमुळे काही वर्षं एकमेकांपासून लांब पडतात. रेशन कोणाचं किती तोडायचं याच्या याद्या करण्याचं काम शेवेकच्या वाट्याला येतं, आणि तो ते सोडतो. तो सोडतो म्हणून याद्या थांबत नाहीत. याद्या करायला कोणी ना कोणी तयार असतंच, हे तोच सांगतो. आपल्यासारख्या अवर्षणाच्या पट्ट्यातल्या माणसाने हे पुस्तक वाचावंच. आदर्श समाजातही आडमुठी माणसं असतात, मत्सर असतो, भूक असते. ती हे सगळं लिहिते आणि तरी तिचा त्या समाजावरचा विश्वास ढळत नाही. पुस्तकाच्या नंतरच्या आवृत्त्यांच्या उपशीर्षकातही त्याला ‘संदिग्ध’ आदर्शलोक म्हटलंय.

आता ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाला टोल्कीन. तुझे मित्र त्याला पोरकट म्हणतात, म्हणून हे सांगते. हा माणूस पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, सोमच्या लढाईत खंदकात होता. १९१८ पर्यंत त्याचे जवळचे मित्र, एक सोडून सगळे, मेले होते. हे त्यानेच पुढे प्रस्तावनेत लिहून ठेवलंय. युद्ध पाहिलेल्या माणसाने ते पुस्तक लिहिलं आणि त्याचा नायक शेवटी हरतो, हे लोक सोयीने विसरतात. नायक फ्रोडो आगीच्या डोंगराच्या तोंडाशी पोचतो आणि जी दुष्ट अंगठी नष्ट करायला आला ती टाकायला नकार देतो. ती माझी आहे म्हणतो, बोटात घालतो. ती नष्ट होते कारण त्या अंगठीसाठी झुरणारा गॉलम ती त्याच्या बोटासकट तोडतो आणि तोल जाऊन खाली पडतो. गॉलम तिथे जिवंत का असतो? कारण अंगठी फ्रोडोच्या आधी ज्याच्याकडे होती त्या बिल्बोने कित्येक वर्षांपूर्वी एका अंधाऱ्या बोगद्यात त्याच्यावर उगारलेली तलवार खाली घेतली होती, पुढे फ्रोडोनेही त्याची दया केली, आणि अगदी डोंगरावर फ्रोडोचा सोबती सॅमनेसुद्धा. एवढी मोठी कथा एका न केलेल्या खुनावर उभी आहे. दया इथे शोभेला नाही, तिच्याशिवाय कथानकाचं चाकच फिरत नाही. आणि त्यानंतरही फ्रोडो बरा होत नाही. घरी येतो, दरवर्षी त्याच तारखेला जखम ठणकते, शेवटी जहाजात बसून निघून जातो. यात मला पोरकट काही दिसत नाही.

पण आदर्शवादी म्हणवणाऱ्या पुस्तकांनीही घात केलाय, हे कबूल करायला हवं. टोल्कीनचे ऑर्क, म्हणजे शत्रूच्या फौजेतले राक्षस, जन्मतःच दुष्ट. पुढे त्याला स्वतःलाच ते खुपत राहिलं आणि त्यांच्या उत्पत्तीचा विचार तो शेवटपर्यंत बदलत राहिला. अरॅगॉर्न राजा होतो त्यात रक्ताचा मोठा हात आहे. टोल्कीनची नक्कल करणाऱ्यांनी नेमकं तेच उचललं. भविष्यवाणी, खांद्यावरची खूण, थोर घराणं, निवडलेला मुलगा. चांगुलपणा घराण्यातून येतो असं म्हणणारं पुस्तकही माणसामाणसातला फरक बघत नाहीच, फक्त दोन रांगा करतं. आपल्या तालुक्यांत घराण्याच्या नावावर काय काय चालतं ते तुला मी सांगायला नको. मी त्या पुस्तकातून सॅम जपून ठेवलाय. माळी माणूस. अंगठी त्याच्या हाती येते तेव्हा त्याला दिसतं की आपण सगळं ओसाड रान फुलवू शकतो. आणि तो ठरवतो की नको, आपल्याला आपल्या हातांनी करता येईल एवढी एक बाग पुरे.

फ्रँक हर्बर्टच्या ‘ड्यून’चं तू विचारलंस. थोडक्यात सांगते. १९६५ चा पहिला भाग वाचून पोरं त्यातला तारणहार, पॉल, याच्या प्रेमात पडतात, आणि १९६९ च्या दुसऱ्या भागात तोच पॉल स्वतःच्या नावाने झालेल्या युद्धातले मेलेले मोजतो, ६१ अब्ज. हर्बर्टचा संशय तारणहारावर आहे. त्याने वाळवंटातल्या माणसांना, त्यांच्या थेंब-थेंब पाणी जपण्याला कुठेही हलकं लेखलेलं नाही. संशय आणि तुच्छता यांत मी फरक करते. संशय घेणारा माणूस बारकाईने बघतो, तुच्छ लेखणारा बघणंच सोडून देतो. ऑर्वेलच्या ‘१९८४’चंही तसंच. स्पेनमध्ये लढायला जाऊन मानेत गोळी खाल्लेला, क्षयाने खंगलेला माणूस १९४९ साली ते पुस्तक छापून घेतो. काही वाचवण्यासारखं उरलंच नाही असं वाटणारा माणूस इशारे देत बसत नाही.

मराठीतही बघ. नारळीकरांनी १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावाने पाठवली, जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ असून. आपल्या नावाला नाही, गोष्टीला बक्षीस मिळावं म्हणून. आणि ते मिळालं. त्यांच्या विज्ञानकथांत हाच विश्वास आहे, की नीट समजावून सांगितलं तर सामान्य वाचकाला समजतं. भाषा कधीकधी कोरडी होते, पात्रं पातळ राहतात, पण वाचकाबद्दलचा तो आदर मला मोलाचा वाटतो.

शिवाय आपल्याकडच्या पोरांच्या उदासपणाला एक घरचं दैवत आहे, ‘कोसला’. नेमाडे आपल्याच सांगवीचे, यावल तालुक्यातले. अद्भुतकथेशी त्याचा संबंध नाही, पण त्याचा नायक पांडुरंग सांगवीकरसारखं बोलणारी मुलं मी टेबलावर बसून खूप पाहिली. त्यांना मी विचारते, त्याची बहीण मनी मेली ते प्रकरण वाचलंस का? त्या प्रकरणाआधी आणि नंतर पांडुरंग जे काही फेकून देतो, उडवून लावतो, ते सगळं त्या बहिणीच्या मरणाजवळ येऊन अडतं. ज्याला काहीच वाटत नाही त्याला असं लिहिता येत नाही. पोरं बोलण्याची ढब उचलतात आणि दुःख तिथेच सोडतात.

आणि भाबडेपणाचं म्हणशील तर आमच्या अमळनेरात आदर्शवादी म्हटलं की साने गुरुजी आठवतात, आणि लगेच कोणीतरी म्हणतं, भाबडे होते. १९४७ साली पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं आणि मंदिर उघडलं. ते दार भाबडेपणाने उघडलं असं मला म्हणवत नाही.

आता तुझ्या आराखड्याकडे येते. तिसऱ्या प्रकरणात तुझा एक व्हॉल्व्हमन आहे. वरून हुकूम असताना तो एका गल्लीला दहा मिनिटं पाणी जास्त सोडतो आणि चाळिसाव्या पानावर कंपनीची माणसं त्याला गोळी घालतात. तुझ्या सगळ्या पुस्तकात मला हाच माणूस आवडला. पण त्या दहा मिनिटांत काय झालं ते तू लिहिलेलंच नाहीस. उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी नळ येणारी गावं आपण पाहिली आहेत. नळ अचानक आला की गल्लीत काय धावपळ होते, कोण शेजारणीचा हंडा आधी लावतं, कोण मोटर लावून दुसऱ्याचं ओढून घेतं, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. ते चार पानं लिही. तो मरायचा असेल तर मरू दे, मी अडवत नाही. पण त्या पाण्याने भरलेला एखादा हंडा दोनशेव्या पानावर कोणाच्या तरी कामी येऊ दे. तो नेमका कोणाच्या कामी येतो, यावर तुझा शेवट अवलंबून ठेव.

दुसरं, कंपनीचा तो साहेब. त्याला तू नुसता क्रूर ठेवलायस, म्हणून तो कागदी वाटतो. त्याला एकदा त्या गल्लीत कोणाच्या तरी घरी जेवायला बसव. कळण्याची भाकर, ठेचा, जे घरात असेल ते. वाढणाऱ्या बाईला माहीत असू दे की हा कोण आहे. नंतर त्याने जे करायचं ते करू दे, पण मीठ खाल्ल्यावर करू दे.

एवढं बदलून पहिली साठ पानं पाठव, मी वाचून सांगते. आणि त्या व्हॉल्व्हमनच्या घरी कोण कोण आहे ते मला आराखड्यात कुठे दिसलं नाही. तेही लिहून पाठव.